पाचचा रेग्युलेटर

माझा धाकटा भाऊ धुळ्याला शिकत असताना काविळीने गेला. त्याच्या होस्टेलच्या ट्रंकेतली एकच वस्तू मी मागून घेतली. त्याने स्वतः जोडलेली हिरवी पाटी होती ती. तिच्यावर एक चिप आणि रांगेने बारीक लाल दिवे. कोणता दिवा कधी लागायचा ते त्याने चिपमध्ये लिहून ठेवलं होतं. वायर जोडली की दिवे पळायचे, थांबायचे, पुन्हा पळायचे. तोही असाच बोलायचा, भरभर आणि मध्येच थांबून. सासरी काम आटोपलं की मी पाटी लावून बसायची. खोलीत कुणीतरी आहे असं वाटायचं. भीती नाही वाटायची.

खंडेनवमीला सासूबाईंनी विळे, कुऱ्हाडी पुजायला काढल्या. मला म्हणाल्या, "नांगरले कुकू लावतस, मंग याले बी लाव. तुना भाऊनं अवजार शे ते."

मी ओलं कुंकू लावलं, तेही वायर जोडलेली असताना. कडेला तीन पायांचा काळा तुकडा होता, त्याच्या पायांत पाणी उतरलं. चट् झालं, धूर निघाला, दिवे गेले. भाऊ दुसऱ्यांदा गेला आणि या वेळी माझ्या हाताने.

बाजाराचं निमित्त करून मी जळगावला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेले. बराच वेळ पायरीशीच उभी राहिले.

"आत या ताई, रेडिओ चावत नाही," दुकानदार म्हणाला.

पाटी बघून तो म्हणाला, "रेग्युलेटर जळालाय. किती व्होल्टचा होता? पाच, नऊ की बारा?"

तुकड्यावरचा आकडा जळून गेला होता.

"तुम्हीच बघून द्या."

"रेडिओचं विचारा, सांगतो. हे मला नवीन. जास्तीचा लागला तर चिप जाईल. आत लिहिलेलं परत कोण लिहिणार?"

या काळ्या तुकड्याचं काम भावाने मला एकदा समजावलं होतं. "अक्का, याला बारा भाकरी दे. हा पुढे ठरलेल्या तेवढ्याच देतो, बाकीच्या स्वतःच जाळतो. म्हणून तापतो." मी म्हणाले होते, "मग हा आपल्या आत्यासारखाच!" तो खूप हसला होता. हसू आठवत होतं. पण पुढे किती देतो म्हणाला होता, पाच की नऊ? मी डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. त्याच्या तोंडून दोन्ही आकडे येत होते, आणि आवाज माझाच होता.

मग स्वयंपाकातलं सुचलं. मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं.

"कमी लावला तर जळेल का?"

"नाही. फार तर चालणार नाही."

"मग पाचचा द्या."

त्याने तो कथलाचा डाग देऊन बसवला, वायर जोडली. मी पदर तोंडात धरला. दिवे पळाले. थांबले. पुन्हा पळाले.

दुकानदार वाकून बघत होता. "शेवटचा लागत नाही."

"तो आधीपासून मेलेलाच आहे."

त्याने त्या दिव्याला दोन तारा लावल्या. दिवा लख्ख लागला.

"चांगला आहे की! चिपमध्ये याच्यापुरतं लिहायचं राहिलं असेल."

घरी येऊन मी पाटी लावली. पळणाऱ्या दिव्यांकडे लक्षच लागेना. ते थांबले की मी शेवटच्या दिव्याकडे बघायची, आणि ते पुन्हा पळेपर्यंत श्वास रोखून बसायची.