समतोलासाठी कापलेलं वाक्य

आम्ही अमेरिकेत चँडलरला राहायचो. गावाच्या आसपास तेव्हा कापसाची शेतं होती. नवरा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात आणि मी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. त्याआधी यवतमाळकडे इंटर्नशिप करताना फवारणीतून विषबाधा झालेले मजूर मी पाहिले होते. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

त्यामुळे, इथे बंदी असलेली कीटकनाशकं गरीब देशांत विकण्यावरची एक फिल्म आमच्या भागातलं टीव्ही स्टेशन दाखवणार, असं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. पण जाहिरात झाली आणि स्टेशनला फोन सुरू झाले. फिल्म एकांगी आहे, अमेरिकेची बदनामी करते, दाखवू नका. स्टेशननं फिल्म रद्द केली नाही. तिच्यानंतर 'समतोलासाठी' चर्चा ठेवली. कीटकनाशकं बनवणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, आणि मला बोलावलं.

रेकॉर्डिंगमध्ये मी म्हणाले, "आमच्याकडे मजूर हातमोजे न घालता फवारतात, हे खरंच आहे. पण डब्यावरची सूचना इंग्रजीत असते आणि मजुराला मराठीही वाचता येत नाही. विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं का?"

टीव्हीवर फक्त पहिलं वाक्य आलं. लगेच कंपनीचा माणूस गंभीर चेहऱ्यानं मान हलवताना दिसला. फिल्ममधला विषबाधेच्या रुग्णांचा, दवाखान्यातला भागही गाळला होता. लोक जेवताना बघतात म्हणे. माझंच तोंड, माझाच आवाज, आणि बोलत होता तो माणूस.

मी प्रोड्यूसरला फोन केला. तो गोड आवाजात म्हणाला, "डॉक्टर, वेळ कमी असतो. एडिट करावंच लागतं."

"त्यांचं एक वाक्य तरी कापलंत का?"

"ते दुसरी बाजू मांडत होते."

"आणि मी?"

"तुम्ही तिथल्याच ना. तुमच्या तोंडून ते जास्त पटतं."

हे तो कौतुकानं म्हणाला होता. त्याचीच मला जास्त किळस आली.

त्या रविवारी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "मस्त बोललीस! आपल्या लोकांना डिसिप्लिनच नाही यार." मी पूर्ण वाक्य सांगितलं. ते हसले. "जाऊ दे गं. इथे राहायचंय आपल्याला. कशाला कॉन्ट्रोव्हर्सी?" त्यांनी श्रीखंडाची वाटी पुढे केली. मी ती घेतली नाही.

केबलवर एक चॅनल होतं, नाव नोंदवलं की कुणालाही बोलता यायचं. तिथे एका खोलीत, एकाच कॅमेऱ्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. मजुरांबद्दल, डब्यांबद्दल, आणि माझं बोलणं कुठे कापलं तेही. फार कुणी पाहिलं नसावं. पण फिल्म बनवणाऱ्या बाईंनी ती टेप मागून घेतली. पुढे कॉलेजांमधून पूर्ण फिल्म दाखवताना त्या शेवटी माझं बोलणं लावायच्या.

काही महिन्यांनी स्टेशनचा पुन्हा फोन आला. भारतावरच्या कुठल्याशा फिल्मनंतर त्यांना 'इंडियन पॉइंट ऑफ व्ह्यू' हवा होता.

"लाइव्ह असेल तर येते," मी म्हटलं.

"विचारून कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.