वाढत्या अंगाचा पंप

युनिफॉर्मवाल्या बाईंनी आयुष्यात कुणाच्या नेमक्या मापाचं काही शिवलं नाही. शाळेचा शर्ट असो, फ्रॉक असो की चड्डी, सगळं वाढत्या अंगाचं. आया कुरकुरायच्या, "बाई, पोरगं यात हरवून जाईल हो." बाई ओठांतल्या टाचण्या न काढताच म्हणायच्या, "सैल असलं तर टाचता येतं. घट्ट झालेलं ओढून वाढवता येतं का?" निम्मं गाव त्यांनी शिवलेल्या बाह्या दुमडत दुमडत मोठं झालं आणि पुढे आपल्या पोरांना घेऊन त्यांच्याकडेच आलं.

शिवणखोलीत बाईंचा एकच कडक नियम होता. खुंटीवरच्या मोठ्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही. ती कापडाची. तिने कागद कापायचा नाही, दोरी तोडायची नाही, केसांचं तर नावच काढायचं नाही. नवऱ्याने एकदा त्या कात्रीने दुधाची पिशवी कापली, तेव्हा बाई त्याच्याशी आठवडाभर फक्त मानेने बोलल्या होत्या.

आणि केसांचं म्हणाल, तर बाईंचे केस बघण्यासारखेच होते. साठी आली तरी वेणी कमरेखाली. मशीनवर बसताना बाई ती मांडीवर घेऊन बसत, मांजर घ्यावं तशी. धाकट्या जावेचे केस जेमतेम मानेपर्यंत, तेही विरळ. बाई हे कधी बोलून दाखवत नसत. धाकटीसमोर वेणी सोडून पुन्हा घालत, एवढंच.

धाकटी शेजारीच राहायची. भावाभावांनी जागा वाटून घेतली होती, मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा दिवसभर कारखान्यात. दोन वर्षांपूर्वी तिने अंगणात पोहण्याचा तलाव बांधून घेतला. लहानसाच, चार ढांगांत संपणारा, पण निळ्या फरशीचा. बाई तेव्हा म्हणाल्या, "हौसेला मोल नाही," आणि विसरून गेल्या. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईंची नात आली.

नात सात वर्षांची, बाईंच्या एकुलत्या एका लेकीची मुलगी. पाण्यात पडली की बाहेर निघायची नाही, म्हणून सगळे तिला बेडकी म्हणायचे. ती उठायची ती थेट भिंतीपलीकडे, आणि परत यायची ती जेवायला. बोटं सुरकुतलेली, डोळे लाल, तोंडात एकच नाव. आजी इकडे तिच्या आवडीचं करून वाट बघत बसलेली, आणि ही घास चावता चावता सांगतेय, "पाण्याच्या आजीने मला आज तरंगायला शिकवलं."

"पाण्याच्या आजीने? मग मी कुठली आजी?" बाईंनी विचारलं.

बेडकीने जरा विचार केला. "तू ओट्याजवळची."

लेक हसली, नवरा हसला. बाई उठल्या आणि मोरीत जाऊन उगाच हात धुऊन आल्या. बाईंना मत्सर वाटत होता. त्याला दुसरा गोड शब्द शोधण्यात अर्थ नाही. लेक वाढवली कुणी, तिचं बाळंतपण केलं कुणी, आणि आयतं "आजी, आजी" ऐकतंय कोण! धाकटी भिंतीवरून वाडगा पुढे करून "वहिनी, चव बघा," म्हणाली, की बाईंना वाटायचं, आता ही माझी चूलही घेणार. पुढच्या सुट्टीआधी तर कहर झाला. बेडकीने फोनवर आजीचं कसं काय ते विचारलंच नाही. म्हणाली, "पाण्याच्या आजीने पाणी भरलं का गं?"

फोन ठेवून बाईंनी नवऱ्याला सांगितलं, "आपण तलाव बांधायचा."

"आपण? या घरात पोहता कुणाला येतं?"

"बेडकीला येतं. सुट्टीत ती इथेच पोहेल. त्या भिंतीपलीकडे पाऊल टाकायचं नाही तिने."

नवऱ्याने वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. बाईंनी एकदा कापड आखलं की ते पुसलं जात नाही, हे तो जाणून होता.

तलाव बांधायला गवंडी मिळाला. पण पंप, फिल्टर, दिवे यांचं काय? धाकटीला विचारणं म्हणजे नाक मुठीत धरणं. मग बाई गच्चीवर जाऊ लागल्या. कपडे वाळत घालायचं निमित्त. एकच चादर तीन तीनदा वाळत पडायची. गच्चीच्या कठड्यावरून धाकटीचं अंगण तळहातासारखं दिसायचं. कोपऱ्यात पंप, त्याच्या शेजारी वाळूचा फिल्टर, म्हणजे निळ्या झाकणाचं गोल पिंप. पंप पाणी ओढतो, वाळूतून गाळतो, परत तलावात सोडतो. एवढं बाईंना बघून बघून कळलं. पंपावरची चिठ्ठी वाचता येईना, तेव्हा त्यांनी नवऱ्याची पक्षी बघायची दुर्बीण आणली. चिठ्ठीवर पाऊण हॉर्सपॉवर लिहिलं होतं.

"कुठला पक्षी दिसला?" खालून नवऱ्याने विचारलं.

"घुबड," बाई म्हणाल्या.

दुर्बिणीतून त्यांनी आणखी मोजदाद केली. पाण्याखालचे दिवे दोन. पाणी परत येण्याची तोंडं दोन. आणि पाणी ओढून घेणारी जाळी एक, पायऱ्यांच्या बाजूला भिंतीत. पलीकडची खोल बाजू गच्चीच्या सावलीत काळी दिसायची. तिकडे बाईंनी दुर्बीण फिरवलीच नाही, काळ्या पाण्यात काय बघायचं!

दुकानात त्या ऐटीत शिरल्या. "दीड हॉर्सपॉवरचा पंप दाखवा."

"तलाव केवढा?" दुकानदाराने विचारलं.

"शेजारी आहे तेवढा. जागाच तेवढी आहे."

"त्यांचा पंप केवढ्याचा?"

"पाऊण."

"मग तुम्हालाही पाऊणच पुरेल की. फिल्टर पाण्याच्या मापाचा घ्यायचा आणि पंप फिल्टरच्या मापाचा."

बाई हसल्या. माप या विषयावर त्यांना कुणी शिकवावं! "वाढत्या अंगाचा हवा. जास्त झाला तर हळू चालवू."

"हा हळू चालत नाही, बाई. याला चालू आणि बंद एवढंच कळतं."

"मग फिल्टरही मोठा द्या. झालं?"

दुकानदार विकायला बसला होता, भांडायला नाही. त्याने मोठं पिंप काढलं. दिवे बाईंनी चार घेतले, तोंडं तीन. मग त्याने विचारलं, "ओढणाऱ्या जाळ्या किती? दोन बऱ्या. एक झाकली गेली तर दुसरीकडून ओढतं."

बाईंनी डोळे मिटून गच्ची आठवली. "तिच्याकडे एकच आहे."

"तुमचं काय ते सांगा."

"एकच द्या. जाळी कोण बघतं?"

सगळ्या खरेदीत बाई धाकटीच्या बरोबरीवर थांबल्या त्या एवढ्या एकाच वस्तूत.

बेडकी यायच्या आदल्या सकाळी तलाव भरला. पंप सुरू केला तर भिंतीवरचे कावळे-चिमण्या उडाले. विमान उतरावं तसा आवाज. बाईंना तो फार आवडला. धाकटीचा पंप म्हाताऱ्या मांजरासारखा गुरगुरायचा, हा कसा गरजतोय! नवरा कानात कापूस घालून आत पडला. उद्या नातीला धडक पाण्यात सोडायचं तर आपण आधी उतरून बघावं, म्हणून बाई जुना गाऊन घालून पायऱ्या उतरल्या. पाणी गार होतं, निळं होतं, आणि आपलं होतं. शेवटच्या पायरीवर त्या बसल्या, छातीपर्यंत पाण्यात, भिंतीला पाठ टेकून. वेणी पाण्यावर तरंगली. उद्या बेडकी म्हणेल, माझी पाण्याची आजी. बाईंनी डोळे मिटले.

आणि मान मागे ओढली गेली.

आधी त्यांना वाटलं, नवऱ्याने चेष्टा केली. मग आणखी एक हिसका बसला आणि पाणी कानात शिरलं. पायरीलगत भिंतीत बसवलेल्या जाळीने वेणीचं टोक गिळलं होतं आणि ती पुढची वेणी ओढतच होती. बाईंनी दोन्ही हातांनी केस धरून ओढले. दीड हॉर्सपॉवरपुढे शिवणकामाच्या हातांचं काय चालणार! हनुवटी वर, तोंड आभाळाकडे, ओठांपाशी पाणी. त्या ओरडल्या, पण आपल्याच पंपाच्या गर्जनेत त्यांना स्वतःचा आवाजही ऐकू येईना.

तेवढ्यात आवाज थांबला. कुणीतरी बटण बंद केलं होतं.

पाण्यात धपकन उडी पडली. धाकटी साडीसकट उतरली होती. तिने बाईंच्या मानेखाली हात घालून डोकं वर धरलं. "हलू नका, वहिनी." मग खाली हात घालून चाचपलं. ओढ थांबली होती, पण केसांची जाळीमागे गाठ बसली होती. ती ओढून बघितली, पिळून बघितली, सुटेना.

"इथे पायरीला घट्ट धरा. तोंड वर ठेवा. मी आले," म्हणत ती पाणी गाळत घरात पळाली. परत आली तेव्हा तिच्या हातात खुंटीवरची मोठी कात्री होती.

"ती नको!" बाई पाण्यातून ओरडल्या. "ती कापडाची आहे!"

"गप्प बसा हो!" जावेला धाकटी आयुष्यात पहिल्यांदा असं बोलली. तीन घावांत वेणी तुटली.

दोघी काठावर बसल्या, निथळत. बाईंचा हात पुन्हा पुन्हा मानेमागे जायचा आणि रिकामा परत यायचा.

"दुसरी जाळी का नाही बसवलीत?" धाकटीने विचारलं.

"तुझ्याकडे तरी कुठे आहे?"

"आहे की. खोल बाजूला, तळाशी." धाकटी थांबली. "गच्चीवरून नाही दिसत ती."

बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. म्हणजे हिला ठाऊक होतं! चादरी, दुर्बीण, सगळं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. मग त्यांच्या मनात दुसरंच काही आलं. "आणि तू इतक्या लवकर कशी आलीस? मी ओरडलेलं मलाच ऐकू आलं नाही."

धाकटीने साडीचा पदर पिळला. पिळून झाला तरी पिळत राहिली. "मीही गच्चीवर होते," ती म्हणाली. "सकाळपासून. तुमचं पाणी भरताना बघत होते. आता ती कशाला येईल माझ्याकडे, असं मनात येत होतं. खोटं कशाला सांगू, वहिनी, पंप बंद पडू दे म्हणून मी देवाला सांगत होते."

"माझी नात मला हवी, तर तुला एवढं पोटात दुखायचं कारण काय?"

"तुमची आहे म्हणूनच." धाकटीचा आवाज चिरकला. "तुम्ही नुसतं बसलात तरी तुम्ही आजी आहात. मला पाणी भरावं लागतं. पाणी नसतं तर ती एकदा तरी माझ्या दारात आली असती का? मला पोहता तरी कुठे येत होतं? तिच्यासाठी शिकले, या वयात, शाळेच्या तलावात पोराटोरांमध्ये. आणि तुम्ही माझ्या पंपाचे हॉर्सपॉवर मोजत बसलात."

बाई मनाशी म्हणाल्या, ही उभा जन्म माझ्यावर जळत होती, आणि मी समजत होते की जळायचं काम माझंच!

"आणि केसांवरही जळत होते," धाकटी म्हणाली. नाक पुसून तिने तुटलेल्या वेणीकडे बघितलं. "लग्न होऊन आले त्या दिवसापासून. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, थोरलीसारखे नाहीत हो हिचे. कापताना वाईट वाटेल असं वाटलं होतं."

"वाटलं का?"

"थोडंसंच."

बाईंना हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम आलं, आणि कानातला कापूस काढत नवरा बाहेर येऊन विचारता झाला, "पंप बंद पडला वाटतं?"

दुसऱ्या दिवशी बेडकी आली. तलावावर ताडपत्री होती. दीडचा पंप परत गेला होता, पाऊणचा यायचा होता, आणि गवंडी खोल बाजूला दुसऱ्या जाळीसाठी जागा बघत होता. बेडकीला त्याचं काही नव्हतं. ती आजीच्या मानेकडे बघत राहिली.

"आजी, तू पाण्याच्या आजीसारखी दिसतेस!"

"ती माझ्यासारखी दिसते," बाई फटकन म्हणाल्या. सवय एका दिवसात जात नाही.

दुपारी त्यांनी धाकटीला शिवणखोलीत बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांनी जावेसाठी एक टाका घातला नव्हता. तिने एकदा ब्लाउज मागितला होता, तेव्हा बाईंना वेळ नव्हता. आज त्यांनी टेप काढली. "सरळ उभी राहा. साडी नेसून पाण्यात उडी मारतेस! पोहायचा पोशाख शिवते तुला."

"वाढत्या अंगाचा का?" धाकटीने भीत भीत विचारलं.

"नाही. तुझ्या मापाचा." बाईंनी टेप तिच्या पाठीवरून नेली आणि आकडा पाहून कापडावर खडूने रेघ मारली. खुंटीवरची कात्री काढून धाकटीच्या हातात दिली. "रेघेवरून काप. इकडेतिकडे जाऊ नकोस."

धाकटीने कात्री लावली. बाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग राहवेना.

"आणि ऐक. माझाही पोशाख शिवायचाय. मलाही पोहायला शिकव. उद्यापासून, तुझ्याच पाण्यात." त्या थांबल्या. "पण बेडकीने विचारलं, तर सांगायचं, आजी आपली आपणच शिकली."