जाऊबाईंची पेन्सिलीची खूण

माझी थोरली जाऊ छापखान्यात प्रूफं तपासते. ओळीखाली पट्टी धरून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं, ही तिची सवय. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तेच. कुणी काही ठोकून दिलं की हिचा प्रश्न ठरलेला, "कुणी लिहिलंय? कधी?" मग स्वतःच पुस्तकातल्या पानाचा फोटो टाकते, नेमक्या वाक्यापाशी पेन्सिलीची खूण करून. वाद तिथेच मिटतो, नणंद टाळ्यांची चित्रं पाठवते आणि माझा नुसता जळफळाट होतो. खरं सांगते, मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतंच. तिला एकदा तोंडावर पाडायचं होतं.

संधी आली. सासूबाई तेव्हा नणंदेकडे राहत होत्या. रक्तदाबाच्या गोळीचा त्यांना कंटाळा आला होता. जाऊने ग्रुपवर लिहिलं, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका." मी लगेच शोधाशोध केली. एका नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेचा लेख सापडला, 'सत्तरीनंतर रोजची गोळी हवीच का?' संस्थेचं नाव, तारीख, लिंक, सगळं टाकलं. सोयीच्या वाक्यापाशी खूणसुद्धा केली, अगदी तिच्यासारखी. या वेळी टाळ्या माझ्या वाट्याला! अंगावर मूठभर मांस चढलं. सासूबाईंनी लिहिलं, "धाकटीने पुराव्यानिशी सांगितलंय. उद्यापासून बंद."

सकाळी कामावर जाताना जाऊ दारात उभी. हातात तोच लेख, छापून आणलेला.

"लेख चांगला शोधलास गं. शेवटचा परिच्छेद वाचलास?"

हिच्या पोटात दुखतंय, असं मनात म्हणत मी कागद घेतला. शेवटी लिहिलं होतं, गोळी आपल्या मनाने अचानक थांबवू नका, धोका वाढतो.

"ग्रुपवर मी काही बोलणार नाही. आईंना तूच सांग," ती म्हणाली.

मी तिथूनच फोन लावला. "आई, माझं चुकलं. मी लेख अर्धाच वाचला होता. गोळी घ्या आधी." शेवटचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचून दाखवला, संस्थेच्या नावासकट.

"काल एक सांगतेस, आज एक," सासूबाई म्हणाल्या. "थांब, थोरलीला विचारते."

मी फोन जाऊच्या हातात दिला.

"आई, ती बरोबर सांगतेय," जाऊ एवढंच म्हणाली. पलीकडून डबी उघडल्याचा आवाज आला, मग पाणी प्यायल्याचा.

मला हायसं वाटलं. आणि तिचा इतका हेवा त्याआधी कधीच वाटला नव्हता.