ओडेट मॉरिसेटचं मत

हार्लो फॉल्समध्ये कचरा न्यायला दारात गाडी येत नाही. ज्याचा कचरा त्यानं शनिवारी आपल्या गाडीत घालून गावाबाहेरच्या डेपोवर न्यायचा आणि काच, पत्रा, पुठ्ठा वेगवेगळा टाकायचा. डेपोच्या फाटकावर लाकडी चौकी आहे. गाडीच्या काचेवर गावाचा परवाना चिकटवलेला आहे की नाही ते पाहून आत सोडायचं, हे काम ओडेट मॉरिसेट कागदाची गिरणी बंद पडली त्या वर्षापासून करत होती.

गावातला कॅथलिक, प्रॉटेस्टंट, दारुडा आणि न्यायाधीश असा एकूण एक माणूस जिथे येतो अशी जागा डेपोच. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेल्यांना हे कुणीतरी फार पूर्वी सांगून ठेवलं असावं. न्यू हॅम्पशरमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी सगळ्या देशाच्या आधी होते, त्यामुळे दर चार वर्षांनी थंडी पडायला लागली की नवे कोरे बूट घातलेली ही मंडळी फाटकाशी उभी राहून लोकांच्या पिशव्या उचलू लागायची. ओडेटनं तिघा राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन केलं होतं, आणि जे कधीच काही झाले नाहीत अशा कितीतरी जणांशी. त्यातल्या एकानं रिकाम्या बाटल्या चुकीच्या ढिगात टाकल्या, तेव्हा तिनं त्याला त्या परत उचलायला लावल्या होत्या.

यंदा कोण येणार, असं लोक तिला विचारायचे. तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "अजून ठरलं नाही."

ही सवय तिला घरानं लावली. राजकारणात नवरा रेजां एका टोकाचा आणि थोरला भाऊ नॉर्मंड दुसऱ्या. रविवारी दोघे जेवायला समोरासमोर बसले की पानातलं जेवण थंड होईपर्यंत भांडायचे, आणि दमले की दोघेही तिच्याकडे वळायचे. तू सांग, ओडेट. कुणाच्याही बाजूनं बोललं तरी पुढचा आठवडा घरात तोंडं फुगलेली. म्हणून ती म्हणायची, अजून ठरलं नाही. खरं तर तिचं नेहमी ठरलेलं असायचं.

रेजां दोन वर्षांपूर्वी गेला. शेवटचा हिवाळा त्यानं काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, वृद्धाश्रमात काढला. तिथे तेव्हा माणसं कमी पडत होती. अख्ख्या मजल्याला रात्री एकच मदतनीस, मार्सी नावाची. ओडेट डेपोवरून थेट तिकडे जायची, रेजांला भरवायची, कूस वळवायची, आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचीही वळवायची, कारण मार्सी अजून दोन खोल्या मागे असायची.

या वेळच्या प्रायमरीत उमेदवार आठ होते. नॉर्मंडनं त्यातले गव्हर्नर वेंडेल स्ट्राउट निवडले. स्ट्राउट दूरच्या, गव्हाच्या राज्यातले, उंच, थोडे पोक काढून चालणारे. त्यांचं नाव तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, आणि नॉर्मंडला ते विशेष आवडलं असावं. गिरणीत तो युनियनचा माणूस होता. निवृत्त झाल्यावर हाताला काम नव्हतं, ते आता मिळालं. त्यानं गावभर फलक रोवले, घरोघर फिरला, आणि नोव्हेंबरात स्ट्राउटना चक्क आपल्या घरी आणलं. तीस-चाळीस लोक जमले. ओडेटनं डुकराच्या खिम्याचं सारण भरलेल्या चार मोठ्या मीट-पाय भाजून नेल्या होत्या.

भाषण झाल्यावर स्ट्राउट पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले, तेव्हा ओडेट ताटल्या पुसत होती. त्यांनी सहज विचारलं की घरी कोण कोण असतं, आणि तिनं रेजांचं सांगितलं. मग मार्सीचंही सांगितलं. बाहेरून दोनदा बोलावणं आलं तरी ते हलले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, त्या मदतनीस बाईंचं नाव काय होतं? ओडेटनं नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. उरलेल्या ताटल्या पुसून होईपर्यंत तिचं मत ठरलं होतं. नॉर्मंडला मात्र ती काही बोलली नाही.

डिसेंबरातल्या पहिल्या टीव्हीवरच्या वादसभेत स्ट्राउट उठून दिसले. बाकीचे एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना ते शांतपणे बोलले. आठवड्यात ते मतदारांना फोन करून घेतल्या जाणाऱ्या पोलमध्ये सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर आले, नाताळानंतर दुसऱ्यावर. नॉर्मंड रोज सकाळी ओडेटला फोन करून टक्के सांगायचा, जसा पूर्वी तो बर्फ किती पडला ते सांगायचा तसा. पुढे होते ते फक्त सिनेटर ब्रँटली, आणि तेही दर आठवड्याला जरा जरा मागे येत होते.

जानेवारीत एका संध्याकाळी ओडेटला पोलवाल्यांचा फोन आला. शेगडीवर सूप होतं. पलीकडच्या मुलीनं विचारलं, आज मतदान असतं तर कुणाला दिलं असतं? ओडेट सवयीनं म्हणाली, "अजून ठरलं नाही." दोन दिवसांनी एका वाहिनीचा फोन आला. शेवटची वादसभा आपल्या राज्यातल्या मँचेस्टरला आहे, न ठरवलेल्या मतदारांचा एक गट आम्ही बसवतोय, याल का? तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण स्ट्राउट बोलताना पाहावेत असं तिला वाटत होतं, आणि आता खरं सांगितलं तर आधी खोटं बोलल्यासारखं होईल, असंही वाटलं. ती हो म्हणाली. नॉर्मंडला तिनं सांगितलं नाही.

उमेदवार शेजारच्या सभागृहात होते. न ठरवलेल्या मतदारांना एका खोलीत मोठ्या पडद्यासमोर बसवलं होतं. प्रत्येकाच्या हातात एक डबी, तिला एक फिरता खटका. बोलणं पटलं तर उजवीकडे फिरवा, नाही पटलं तर डावीकडे. सगळ्यांची मिळून एक रेघ पडद्याखाली सरकत होती, आणि घरी बसलेले लोकही ती पाहत होते. पहिला तासभर ओडेटनं स्ट्राउट बोलले की खटका उजवीकडे फिरवला आणि इतरांच्या वेळी मध्ये ठेवला.

मग ब्रँटलींनी स्ट्राउटना विचारलं, तुमच्या राज्यात वृद्धाश्रमांचा निधी तुम्ही कापलात, खरं का? स्ट्राउटनी उत्तर दिलं. दर हजार लोकसंख्येमागे खाटा किती, शेजारच्या राज्यात किती, पाच वर्षांची सरासरी किती. उत्तर चुकीचं नव्हतं. त्यांना कुणीतरी ते नीट पाठ करून दिलं होतं. ओडेट वाट पाहत राहिली की आता ते माणसांबद्दल काही बोलतील. वेळ संपल्याची खूण झाली. तिनं हाताकडे पाहिलं तेव्हा खटका पार डावीकडे होता. इतरांचेही गेले असावेत, कारण पडद्यावरची रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली आली होती.

वादसभा संपल्यावर निवेदक माइक घेऊन या खोलीत आला. ती रेघ दाखवून त्यानं विचारलं, इथे काय झालं? मग तो ओडेटसमोर येऊन थांबला.

"हे माझ्या भावाच्या घरी आले होते," ती म्हणाली. "मी यांना एका बाईची गोष्ट सांगितली. त्या वेळी यांनी तिचं नाव विचारलं होतं. आज यांच्या तोंडात एकाही माणसाचं नाव नव्हतं. नुसत्या खाटा होत्या."

खोलीत कुणीतरी हं केलं. "तरी पण मी यांनाच..." असं ती पुढे म्हणत होती, पण निवेदकाला हवं ते मिळालं होतं आणि माइक तोवर पुढच्या खुर्चीपाशी पोचला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशभर सगळ्यांच्या तोंडी "नुसत्या खाटा" झालं. ओडेटचं तोंड, तिची निळी लोकरी टोपी आणि ती दोन-तीन वाक्यं दर तासाला दिसायला लागली. ब्रँटलींच्या जाहिरातीतही ती आली. स्ट्राउट आठवड्याच्या आत चौथ्या क्रमांकावर गेले. जाणकार म्हणत होते की त्यांची घसरण वादसभेच्या आधीच सुरू झाली होती, त्यांच्याकडे प्रचाराला माणसं अपुरी होती, बर्फामुळे त्यांच्या तीन सभा बुडाल्या. पण ऐन वेळी एखादा चेहरा हाती असला की इतकं खोल कोण जातं?

नॉर्मंडचा सकाळचा फोन बंद झाला. शनिवारी तो डेपोवर आला. मागे गाड्यांची रांग होती. त्यानं काच खाली केली आणि समोर बघूनच बोलायला लागला.

"तुझं ठरलं नव्हतं म्हणे."

"ठरलं होतं."

"मग त्या लोकांत कशाला जाऊन बसलीस? आठ महिने मी या गावाच्या पायऱ्या झिजवल्यात, ओडेट. कुत्री चावून घेतली. आणि माझी सख्खी बहीण माझ्याच घरातली गोष्ट बाहेर नेऊन सांगते."

"मला विचारलं, मी सांगितलं. त्या उत्तराबद्दल विचारलं होतं, त्यांच्याबद्दल नव्हे."

"तुला फरक कळतो गं. टीव्हीला कळतो का?"

मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. नॉर्मंड आत गेला, कचरा टाकला आणि दुसऱ्या वाटेनं बाहेर पडला. ओडेटला वाईट वाटलं, पण नेमकं कशाचं ते तिला सांगता आलं नसतं. आपण बोललो ते चुकलं असं तिला वाटत नव्हतं. नॉर्मंड चुकतोय असंही वाटत नव्हतं.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी स्ट्राउट स्वतः डेपोवर आले. पूर्वीसारखी पत्रकारांची झुंबड नव्हती, दोन कॅमेरे होते. त्यांच्याआधी त्यांच्या प्रचार कचेरीतली एक बाई चौकीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली की गव्हर्नर तुम्हाला भेटतील, त्यांचं ऐकून तुमचं मन बदललं एवढंच तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगा.

"बदललं नाही," ओडेट म्हणाली.

बाईचा चेहरा पडला. "म्हणजे तुम्ही आम्हाला मत देणार नाही?"

"देणार आहे. तेव्हाही देणारच होते. मग बदललं कसं म्हणू?"

वादसभेतलं एक उत्तर आवडलं नाही असं सांगणं आणि तरी त्याच माणसाला मत देणं, हे दहा सेकंदांत बसेल असं बाईला काही जमवता येईना. तिनं दोन-तीन प्रकारे वाक्य करून पाहिलं. प्रत्येक वेळी ओडेट मान हलवून म्हणायची, असं नाही म्हणाले मी. शेवटी बाई कॅमेरेवाल्यांना घेऊन पुठ्ठ्याच्या ढिगाकडे गेली.

तेवढ्यात स्ट्राउट चौकीपाशी आले. जवळून ते थकलेले दिसत होते, ओठ फुटले होते. त्यांनी हात पुढे केला.

"तिचं नाव मार्सी," ते म्हणाले. "मला आठवत होतं. तिथे उभा राहिलो आणि बोललो नाही. का, ते मलाही माहीत नाही."

"होतं असं," ओडेट म्हणाली. "टोपी घाला, गव्हर्नर. वारा वाईट आहे इथला."

हे कुणी टिपलं नाही. रविवारी दुपारी स्ट्राउटनी माघार घेतली आणि आपल्या माणसांना सांगितलं की पक्षाच्या भल्यासाठी ब्रँटलींना मत द्या.

मतपत्रिका आधीच छापून झाल्या होत्या, त्यामुळे स्ट्राउटांचं नाव तसंच होतं. मंगळवारी ओडेटनं गावसभेच्या दालनात पडद्यामागे जाऊन त्याच नावापुढे खूण केली. यामागे तिचा काही मोठा विचार नव्हता. नोव्हेंबरात ठरलं होतं, ते मोडायला तिला कारण सापडलं नव्हतं.

हार्लो फॉल्समध्ये मतं अजून हातानं मोजतात आणि मोठ्यानं वाचून दाखवतात. संध्याकाळी लोक कोटांसकट बाकांवर बसले होते. ओडेट मागच्या बाकावर होती. नॉर्मंड आला, इकडेतिकडे जागा पाहिली आणि तिच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. ब्रँटलींना सर्वांत जास्त पडली. मग इतरांची वाचता वाचता गावच्या लिपिक बाई म्हणाल्या, "स्ट्राउट, नऊ."

नॉर्मंड नाकातून हसला. "संपलेल्या माणसाला मत देणारे हे नऊ शहाणे कोण?"

"एक मी," ओडेट म्हणाली.

तो तिच्याकडे वळला. "मी ब्रँटलीला दिलं," तो म्हणाला. "स्ट्राउटनीच सांगितलं होतं म्हणून. हात उचलत नव्हता."

वाचन पुढे चालू राहिलं. संपल्यावर दोघे आपापल्या गाडीनं घरी गेले.

त्या रात्रीनं सगळं मिटलं असं नाही. नॉर्मंड ईस्टरच्या जेवणाला आला नाही, त्याची बायको एकटीच हॅम घेऊन आली. ब्रँटली न्यू हॅम्पशर जिंकले, पण पुढच्या राज्यांत हरत गेले आणि एप्रिलात घरी बसले. उमेदवारी तिसऱ्याच कुणाला मिळाली, ज्याला हार्लो फॉल्समध्ये कुणी पाहिलंही नव्हतं.

जूनमध्ये नॉर्मंडचा गुडघा बदलायची वेळ आली. त्याच्या बायकोला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून ओडेट त्याला इस्पितळात घेऊन गेली. वाटेत दोघे रस्त्याच्या दुरुस्तीबद्दल बोलले. शस्त्रक्रियेनंतर ती रोज जायची. तिसऱ्या दिवशी नॉर्मंडला पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा एका बाजूला परिचारिका होती आणि दुसऱ्या बाजूला ओडेट. खिडकीपर्यंत जाऊन परत आल्यावर तो खाटेवर टेकला, घाम पुसला, आणि परिचारिकेला म्हणाला, "तुमचं नाव विचारायचं राहिलंच."

तिनं सांगितलं, इमाकुलाता. नॉर्मंडला ते नीट म्हणता येईना. ओडेटनं त्याला ते एकेक अक्षर तोडून शिकवलं, आणि तोवर त्याचं जेवण आलं.