स्लॅश सत्तावीस

आज नांदेडच्या ऑफिसात नव्या राउटरवर २५५.२५५.२५५.२२४ हा सबनेट मास्क टाकला आणि लातूरच्या क्लासमधली शोभा आठवली. आम्ही तिथं नेटवर्किंग शिकत होतो. मी देगलूरची, ती भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावची, मामाकडं राहून शिकणारी.

दुसऱ्या दिवशी परीक्षा होती आणि हाच मास्क, त्याच्या बायनरीतले एक मोजून, स्लॅश देऊन एका आकड्यात कसा लिहायचा, ते मला उमजत नव्हतं. शोभानं माझ्या वहीत १२८, ६४, ३२ असे एकपर्यंत आठ आकडे मांडले. "एका २५५मध्ये आठ वेळा एक. तीनदा २५५, म्हणजे चोवीस वेळा एक. आता २२४मध्ये १२८ बसतो का? बसला तर एक लिही."

तेवढ्यात रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि बाकं थरथरली. शोभा पेन टाकून बाहेर पळाली. वर्ग हसला. मीही हसले.

ती परत आली तेव्हा कपाळावर घाम होता. "ट्रक हाय हे कळतं मला," ती हळू म्हणाली. "पण त्या पहाटे माय म्हणली, भांडं पडलं असंल, नीज. मी बाहेर पळाले. ती न्हाई आली."

तिनं पेन उचललं. "१२८, ६४, ३२ मिळून २२४. तीन एक. चोवीस आन् तीन, सत्तावीस."

तेव्हा मला ती भित्री वाटायची. आता वाटतं, छताची एवढी भीती असूनही रोज त्याच छताखाली परत येऊन बसणारी ती एकटीच होती.

पेपर सुटल्यावर माफी मागायचं ठरवून मी तिच्याकडं गेले. तिनंच आधी विचारलं, "सत्तावीस लिव्हलंस ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली आणि माफी राहूनच गेली.