पेशवाईतलं गॅसचं बटण

निहार, ईशा,

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी शाळेत इतिहास शिकवला. वर्गात कुणी असलं काही सांगू लागलं की मी खडू आपटायचे. तरी हे नीट क्रमानं लिहून ठेवतेय, कारण यातली सहा वर्षांची माधू म्हणजे तुमची आई.

ऐंशीचं दशक. मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमची जागा. पुढे हॉल, मग स्वयंपाकघर, पॅसेजच्या टोकाला बाथरूम. तेव्हा टीव्हीवर आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, पेशवाईवरची मालिका लागायची. माझा आणि माधूचा खेळ ठरलेला — चुका पकडायच्या. सरदाराच्या अंगरख्याला झिपची चेन, वाड्याच्या भिंतीवर विजेची वायर, एका शॉटमध्ये डाव्या खांद्यावर असलेला शेला पुढच्या शॉटमध्ये उजव्या. शेजारच्या सावंतकाकू वैतागायच्या, "गो बाय, मालिका बघतंस काय पेपर तपासतंस?"

त्या दिवशी आजोबांची सेकंड शिफ्ट होती. मी देवापुढे निरांजन लावलं, दूध गॅसवर ठेवलं आणि पाय धुवायला बाथरूममध्ये गेले. आतून कडी लावली... ती परत सरकेचना.

आधी हसू आलं. "माधू, दूध बघ गं!" म्हणून हाक मारली. पण मालिका सुरू झाली होती. सगळ्या बिल्डिंगचे टीव्ही बाथरूमच्या खिडकीबाहेरच्या डक्टमधून ऐकू येत होते. तेच वाक्य खालून, वरून, शेजारून. त्यात माझी हाक कोण ऐकणार? मी दार बडवलं. काही नाही. मग दूध उतू गेल्याचा चर्र आवाज, करपट वास... आणि मागोमाग गॅसचा वास.

ज्योत विझली होती, गॅस चालूच होता. आमचा देव्हारा स्वयंपाकघरात, जमिनीलगत, आणि गॅस खालीच साचतो. तिथे निरांजन जळतंय. आणि पलीकडे माझी पोर.

"माधू, बाहेर पळ! काकूंकडे जा!" मी ओरडत राहिले. घसा बसला, शेवटी तोंडातून नुसती हवा यायला लागली. खांद्यानं धडका दिल्या, दार तसूभर हललं नाही. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी ती जागा. मला सगळं ऐकू येत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात टीव्हीतून एका बाईचा आवाज आला. शांत, वाड्यातल्या थोरल्या बाईसारखा.

"बाळ, ऊठ. देवापुढचं निरांजन शांत कर. फुंकू नकोस, फूल ठेव वातीवर. मग गॅसचं बटण फिरव."

खरं सांगते, माझ्या मनात पहिलं काय आलं — चूक! पेशवाईत गॅस? आणि मग लक्षात आलं. हे वाक्य डक्टमधून आलंच नव्हतं. फक्त आमच्या हॉलमधून आलं होतं.

छोटी पावलं धावली. थोड्या वेळानं माधू सावंतकाका-काकूंना घेऊन आली, काकांनी पेचकसानं दार उघडलं. स्वयंपाकघरात पाहिलं तर वातीवर ओलं जास्वंदीचं फूल. गॅसचं बटण बंद.

मी कशीबशी काकूंना खुणेनं, घोगऱ्या आवाजात विचारलं, "ती गॅस म्हणणारी बाई... तुम्ही ऐकलीत ना?"

"गॅस? पेशव्यांच्या वाड्यात? डोक्याक लागला काय गो तुझ्या? आज सगळी लढाईच होती. बाईमाणूस एक पण नाय!"

मी माधूला जवळ घेतलं. "तुला कुणी सांगितलं गं?"

"तूच की! टीव्हीत होतीस ना. नऊवारी नेसून, नथ घालून." मग डोळे बारीक करून, आमच्या खेळात बोलायची अगदी तशीच म्हणाली, "पण आई, मी चूक पकडली. तू हातातलं घड्याळ काढायला विसरलीस!"

घड्याळ माझ्या हातात होतं. भिजलेलं.

आता तुमची आई म्हणते, तिला यातलं काहीच आठवत नाही. मी बाथरूमची कडी लावत नाही म्हणून तुम्ही फोनवर हसता, खुशाल हसा. पण जिचा आवाज संपला होता तिनं हॉलमध्ये जाऊन सांगितलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

— तुमची आजी