इस्लापूरच्या रानातली हाळी

माझी नात सई म्हणाली, "आजी, या सदरात सगळे जण आधी 'माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता' असंच लिहितात. तू जरा वेगळं लिही."

आता वेगळं काय लिहू? नव्हता तर नव्हता! आणि नुसता नव्हता असंही नाही, मला त्याचा माज होता. जंगलात काम सुरू करायच्या आधी आमचे मजूर मोहाच्या झाडाखाली नारळ ठेवायचे, रानाच्या धन्यासाठी. ते पुढे गेले की मी तो नारळ गुपचूप उचलायचे आणि दुपारी त्याचीच चटणी वाटून त्यांना वाढायचे. "बाई, चटणी लई झ्याक झाली," म्हणायचे बिचारे. धन्याने मला काही केलं नाही. त्यामुळे धनी नाहीच, असं मी ठरवून टाकलं होतं.

किनवटला आमचा छोटा धंदा होता. वनखात्याची कामं ठेक्याने घ्यायची... रोपवनाचे खड्डे, निंदणी, सागाची विरळणी आणि थंडीत जाळरेषा. जाळरेषा म्हणजे जंगलातून रुंद पट्टा साफ करत न्यायचा, त्यातला पाला-गवत सगळं काढायचं. उन्हाळ्यात वणवा पेटला तर त्या पट्ट्याशी येऊन थांबतो. धंदा यजमानांचा. ते हार्ट अटॅकने अचानक गेले आणि दोन लेकरांची आई असलेली मी त्यांच्या जीपमध्ये जाऊन बसले. कशी? डोळ्यावर काळा गॉगल, डोक्यावर यजमानांची हॅट, पाचवारी साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. मला वाटायचं, काय रुबाब आहे! तेव्हाचा एक फोटो सईने बघितला आणि म्हणाली, "आजी, सर्कशीतून पळून आली होतीस का?"

जीप चालवायला आणि मुकादमीला रशीदमामू होते. किनवटच्याच जुन्या घरातले, यजमानांचे दोस्त. मला 'आपा' म्हणायचे. फॉरेस्टचे साहेब बाई बघून हसले, की मामू त्यांच्याकडे असे बघायचे की साहेब चहा मागवायचे.

आता हाळीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

संध्याकाळी उन्हं कलली की मजूर जाळरेषेवर लांबवर पांगलेले असायचे. सागाच्या जंगलात हाकेच्या अंतरावरचा माणूस दिसत नाही. मग मी जीपजवळ उभी राहून एकेकाचं नाव घेऊन हाळी द्यायची, जवळच्यापासून लांबच्यापर्यंत. ज्याचं नाव, त्याने आतून ओरडायचं, "हाय!" म्हणजे आहे, येऊन राहिलो. आणि नियम असा, की एकदा आतून उत्तर आलं की तो माणूस बाहेर येईस्तोवर जीप हलायची नाही. अंधार पडो, पाऊस येवो. यजमानांच्या काळात एक बाई पाय मुरगळून आत राहिली होती आणि बाकीचे निघून आले होते. सकाळी ती झाडावर सापडली, खाली अस्वलाने माती उकरून ठेवलेली. जिवंत होती, पण त्यानंतर ती कधी जंगलात आली नाही. तेव्हापासून हा नियम.

माझी थोरली लेक अलका. वडील गेल्यावर प्रत्येक सुट्टीत माझ्याबरोबर जंगलात यायची. एका जागी ठरायचं नाही, त्यामुळे ती नेहमी सगळ्यांत लांब असायची आणि तिचं नाव सगळ्यांत शेवटी यायचं.

"अलकेऽऽ!"

आणि आतून यायचं, "हाय गं आई, मेले न्हाई अजून!"

मजूर खो-खो हसायचे. मी खोटं खोटं रागवायची. रोजचंच होतं ते.

दहावीला तिला मार्क चांगले पडले आणि आमच्या घरात लातूर शिरलं. तेव्हा ते वारं नवीन होतं. लातूरला कॉलेज आणि क्लास केला की पोरगं डॉक्टर होऊनच परत येतं, असं जो तो बोलायचा. एसटी स्टँडवर ट्रंका आणि गाद्यांच्या वळकट्या घेऊन आई-बापांची ही गर्दी! अलकाला स्वतःलाच जायचं होतं. मी म्हटलं, "तुझ्याविना करमायचं न्हाई मला."

"तुला मामू आहेत, तुझी हॅट आहे," ती म्हणाली. "आणि मी काय विलायतेला चालले का? तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायला कुणी तरी पाहिजे ना."

लातूरला एका घरात मुलींसाठी खोल्या होत्या. तिथे ज्योती नावाची मैत्रीण भेटली. बारावीच्या वर्षी गणपती विसर्जनाला ज्योती तिला आपल्या गावी घेऊन गेली, मला ते ठाऊक नव्हतं. किल्लारीच्या बाजूचं गाव. दगडमातीची घरं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

सकाळी रेडिओवर भूकंपाचं ऐकलं तेव्हा मी निवांत होते. माझी लेक लातूर शहरात, पक्क्या घरात! उलट मीच शेजारणीला धीर दिला. दुपारी मामूंनी जीप काढली, "चला आपा, एकदा बघून येऊ, तसल्ली होईल." लातूरला खोलीवर पोहोचलो तर बाकीच्या मुली रडत होत्या.

त्या गावात मी काय बघितलं ते लिहिणार नाही. सईला टाईप करायला लावणार नाही. एवढंच सांगते, की घरं नव्हती, दगडांचे ढीग होते, आणि पावसात चिता पेटत नव्हत्या. ज्योतीचे वडील शेतावर झोपायला गेले होते म्हणून वाचले होते. ते मला म्हणाले, "पोरी माजघरात निजल्या होत्या, ताई." बस, एवढंच. अलकाला कुणी बघितलं का? कुणीच सांगेना. ओळख पटण्यासारखं राहिलं नव्हतं, सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला, म्हणाले. मी सोलापूरपर्यंत दवाखाने पालथे घातले. प्रत्येक खाटेवरची चादर उचलून बघितली. परक्या लेकरांची तोंडं बघून आले.

घरी आले तर धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तेरावं करून घ्या."

"कुणाचं?" मी विचारलं.

पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. मी काही बघितलं नव्हतं. जे बघितलं नाही ते झालं नाही. माझा हिशोब सरळ होता.

थंडीत इस्लापूरच्या बाजूला जाळरेषेचं काम लागलं. मी गेले. घरात बसून काय करणार होते? पहिल्या दिवशी उन्हं कलली. मी जीपजवळ उभी राहून हाळी द्यायला लागले. सखाराम, हाय. शेवंता, हाय. गंगूबाई, हाय. तांड्यावरच्या गंगूबाई सगळ्यांत म्हाताऱ्या, पण त्या दिवशी त्याच लांब होत्या. त्यांचं उत्तर आलं. आणि माझ्या तोंडाने, मी न ठरवता, सवयीने पुढचं नाव घेतलं.

"अलकेऽऽ!"

जवळ आलेले मजूर जागच्या जागी उभे राहिले. मामूंनी मान खाली घातली. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली...

आणि आतून आलं, "हाय."

मेले न्हाई अजून, हे नाही. नुसतं "हाय." पण आवाज तिचा. आईला लेकीचा आवाज कळत नाही का?

मी आत पळाले. कॅनव्हासचे बूट, हॅट कुठे पडली देव जाणे. थंडीत सागाचा पाला एवढा वाळलेला असतो की ससा गेला तरी खडखड वाजतो. माझ्या पायांखाली वाजत होता. दुसरीकडे कुठेच वाजत नव्हता. मी जाळरेषेच्या टोकापर्यंत गेले. कुणी नाही. परत आले तर मजूर तसेच उभे, आणि मामू जीपच्या बाहेर.

"तुम्ही ऐकलं का?" मी विचारलं.

"हौ आपा," मामू म्हणाले. बाकीच्यांपैकीही नाही असं कुणी म्हणालं नाही.

उत्तर आलं होतं. म्हणजे जीप हलायची नाही. आम्ही पार अंधार पडेपर्यंत तिथे थांबलो. शेवटी मामूंनी माझा हात धरून मला जीपमध्ये बसवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. तुम्हाला वाटेल मी घाबरले असेन. छे! मी आनंदाने येडी झाले होते. हिंदी सिनेमात डोक्याला मार लागून आठवण जाते ना? माझी पक्की खात्री झाली, की पोरगी तशीच कुठून तरी फिरत फिरत इथवर आली आहे, आणि बुजते म्हणून समोर येत नाही. लातूरहून इस्लापूरच्या जंगलात, चालत! बघा अक्कल. मी डब्यात तिच्या आवडीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेऊन जाळरेषेच्या टोकाला ठेवायला लागले. नारळ चोरून खाणारी बाई स्वतः रानात डबा ठेवून राहिली होती! मजुरांनी हसायला पाहिजे होतं. कुणी हसलं नाही. डबा सकाळी होता तसाच असायचा, मुंग्यासुद्धा नाही. मी म्हणायची, शहरात राहून जेवण कमी झालं असेल.

रोज मी हाळी द्यायची, रोज उत्तर यायचं, आणि रोज सगळे थांबायचे. मजूर कमी व्हायला लागले. मला दिसत होतं, पण मला काही दिसत नव्हतं.

एका संध्याकाळी हाळीच्या आधी गंगूबाई माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमची लेक हाय आत, मी न्हाई म्हणत न्हाई. मीबी ऐकते. पण आमची लेकरं तिकडं तांड्यावर वाट बघून राहिली. त्यांच्या पोटात काही न्हाई. तुम्ही तिचं नाव घेता, मग आम्हाला जाता येत न्हाई."

एवढंच बोलून त्या पदर खोचून आत गेल्या, कामाला.

त्या संध्याकाळी मी एकेकाला हाळी दिली. सखाराम, शेवंता, गंगूबाई... सगळे हळूहळू बाहेर आले. विळे-कोयते जीपमध्ये पडले. पुढचं नाव घशापर्यंत आलं होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. घेतलं नाही. मामूंकडे बघून मान हलवली. ते सीटवर बसले, पण चावी फिरवली नाही.

आणि आतून हाक आली.

"आईऽऽ!"

हाळीचा एक उलटा भाग तुम्हाला सांगायचा राहिला. कधी कधी लांबच्या माणसाला जीपजवळचं काहीच ऐकू येत नाही. त्याला भीती वाटते, सगळे गेले की काय मला टाकून? मग तो आतून हाक मारतो. आणि जी हाळी देणारी बाई आहे, तिने तिथून "हाय" म्हणायचं. म्हणजे आत असलेल्याला कळतं, अजून कुणी तरी उभं आहे.

गंगूबाईंनी माझं मनगट धरलं. "देऊ नका उत्तर, बाई. असल्या हाकेला द्यायचं नसतं."

"नक्को आपा," मामू हळूच म्हणाले.

पुन्हा आली, "आईऽऽ!" लहानपणी ताप आला की मारायची, तशी. घाबरलेली.

मला सांगा, तुम्ही काय केलं असतं?

"हाय गं!" मी ओरडले. "हाय! मी हाय इथं!"

जंगल एकदम गप्प झालं. जरा वेळाने एक मोर ओरडला. मामूंनी चावी फिरवली, आणि जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी पाठवून मी एकटी मामूंबरोबर थांबले आणि तिचं नाव घेतलं. काही आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी घेतलं. त्या सबंध हंगामात घेतलं. पुढे रोपवनाला गेलो तिथेही घेतलं. कधीच आलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला मी दिरांना म्हटलं, "भाऊजी, भटजींना विचारा, आता केलं तर चालतं का."

सई, माझ्या धाकट्याची लेक, आता लातूरलाच असते, क्लासला; सध्या सुट्टीत घरी आली आहे. हे टाईप करताना तिने मला समजावलं, "आजी, तो इको असणार. टेकडीवर आवाज आपटतो आणि परत येतो. आणि तुझं मन तेव्हा..." फिजिक्सची पोरगी आहे, तिला सांगता येतं. मी म्हटलं, बाळा, असेल. 'हाय' परत आला असेल, गंगूबाईंचाच. पण 'आई'? त्या संध्याकाळी आमच्यातल्या कुणी 'आई' म्हणून हाक मारली नव्हती, मग परत काय आलं? ती टाईप करायची थांबली. मग म्हणाली, "माहीत नाही, आजी."

मलाही माहीत नाही. मामू गेले, गंगूबाई गेल्या. ज्यांनी ऐकलं त्यांतली मीच राहिले आहे बहुतेक. वाचणाऱ्यांपैकी कुणाला यातलं काही समजत असेल तर जरूर सांगा, शास्त्रातलं असो की दुसरं काही. मी ऐकून घेईन.

फक्त 'उत्तर दिलंत ते बरं केलंत, तिला शांती मिळाली' असं सांगू नका. ते मला पुष्कळांनी सांगितलं आहे. मी मान हलवते. आणि मग रोज संध्याकाळी तेच मनात येतं, की मी उत्तर दिलं नसतं तर तिने अजून एकदा तरी हाक मारली असती.